‘थेट शेतकऱ्याकडून’ म्हणजे नेमके काय?

खाद्यपदार्थांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवर हल्ली एक वाक्य हमखास दिसते: ‘हा घटक आम्ही छोट्या शेतकऱ्यांकडून रास्त भावाने घेतो.’ शेजारी एखाद्या हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र असते, कधी एखादा गोल शिक्काही असतो. वाचणाऱ्याला बरे वाटते, वस्तू थोडी महाग असली तरी तो ती घेतो, आणि घरी आल्यावर कधीतरी त्याच्या मनात येते की यातले त्या चेहऱ्याच्या पदरात किती पडले असेल. या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण ‘रास्त’ या एका शब्दात चार-पाच वेगवेगळे व्यवहार गुंडाळलेले आहेत. भाव हा त्यांतला एक. पैसे केव्हा मिळाले, माल कोणी मोजला, पीक बुडाले तेव्हा तोटा कोणी सोसला आणि त्या पदार्थाचे ज्ञान मुळात कोणाचे, हे बाकीचे. माझे मत आधीच सांगून टाकतो: भावाविषयी आपण खूप बोलतो आणि उरलेल्या गोष्टींविषयी फारच कमी.

## पारंपरिक घटकाची गोष्ट वेगळी का

पारंपरिक घटक म्हणजे एखाद्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेला किंवा रानातून गोळा केलेला, जपलेला आणि वापरून सिद्ध केलेला पदार्थ. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला क्विनोआ हा धान्यासारखा दाणा, इथिओपियातले टेफ हे बारीक धान्य, दक्षिण आफ्रिकेतला रूईबॉस हा चहासारखा पाला ही त्याची ठळक उदाहरणे. मेक्सिकोतून निघून दुसऱ्याच खंडातल्या छोट्या शेतांवर स्थिरावलेल्या व्हॅनिलाचा व्यवहारही याच चालीवर चालतो.

गहू किंवा साखर यांचा भाव जगभरच्या बाजारांत रोज जाहीर होतो. शेतकऱ्याला तो मिळतोच असे नाही, पण निदान कळतो. पारंपरिक घटकांचे तसे नसते. पिकवणारे हजारो, विखुरलेले. विकत घेणारे मोजके. आणि मालाचा भाव काय चालला आहे हे सांगायला येणारा माणूस बहुधा तोच, जो तो माल घ्यायला आलेला असतो. घर विकायला काढावे आणि बाजारभाव सांगणारा एकमेव माणूस समोरचा गिऱ्हाईकच असावा, अशी ही स्थिती आहे.

त्यात शेते लहान. जगातल्या शेतांपैकी सुमारे ८४ टक्के शेते दोन हेक्टरांपेक्षा, म्हणजे साधारण पाच एकरांपेक्षा लहान आहेत. एकूण शेतजमिनीपैकी त्यांच्या वाट्याला सुमारे १२ टक्केच येते, तरीही जगाच्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश अन्न ती पिकवतात. एवढ्याशा तुकड्यावरून निघणारा माल चार-सहा पोत्यांचा. तो साठवून, भाव चढण्याची वाट पाहत बसण्याची ऐपत या घरांकडे नसते, आणि हे खरेदीदाराला पक्के ठाऊक असते.

## काट्यावर काय होते

एक सौदा जवळून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. एका शेतकरी बाईने १०० किलो धान्य आणले आणि किलोला १०० असा भाव ठरला, म्हणजे तिच्या हिशेबाने १०,००० मिळायला हवेत. काट्यावर पोत्याचे वजन म्हणून एक किलो कापले गेले, ओलाव्यापोटी चार आणि काडीकचऱ्यापोटी दोन. उरले ९३ किलो. मग प्रतवारी झाली: ६० किलो पहिल्या प्रतीचे, ३३ किलो दुसऱ्या प्रतीचे, आणि दुसऱ्या प्रतीला ६० चा भाव. तिच्या हाती आले ७,९८०. जाहीर भाव १०० चा होता. प्रत्यक्षात पडला तो ८० लाही जेमतेम टेकणारा.

यात कोणी चोरी केलीच असे म्हणता येत नाही. ओला माल साठवणुकीत बुरशी धरतो, वाळल्यावर त्याचे वजन घटते, आणि काडीकचऱ्याचे पैसे कोणीच देणार नाही. खरा प्रश्न असा की ओलावा चार टक्के जास्त आहे हे कोणी ठरवले, कोणत्या यंत्रावर, आणि त्या बाईला ते तपासून पाहण्याची काही सोय होती का. म्हणूनच जाणती मंडळी ‘भाव किती देता’ याच्याबरोबर ‘काटा कोणाचा’ हेही विचारतात. गावात ठेवलेला ओलावामापक, प्रत्येक वजावटीची वेगळी नोंद असलेली पावती, प्रतवारीचे निकष आधी लिहून देणे आणि पटले नाही तर माल परत घेऊन जाण्याचा हक्क, एवढ्या चार गोष्टींनी जितका फरक पडतो तितका भावात थोडी वाढ जाहीर करून अनेकदा पडत नाही.

## मग दलालच काढून टाकला तर?

‘थेट’ या शब्दामागे हीच कल्पना असते, आणि ती अर्धीच खरी आहे. दलाल हा कित्येकदा खरोखरच अडवणूक करतो. पण तोच माणूस चाळीस घरांतून दोन-दोन पोती गोळा करतो, बारदान पुरवतो, वाईट रस्त्यावरून वाहन आणतो, आणि पेरणीच्या वेळी किंवा घरात आजारपण आले की उचलही देतो. दलाल काढला म्हणजे दलाली संपली असे होत नाही. ती कामे कोणाला तरी करावीच लागतात. शेतकऱ्यांची सहकारी संस्था ती करू शकली तर तो पैसा गावात राहतो. कंपनीने केली तर मधला एक हात कमी होतो खरा, पण आता शेतकरी एकाच खरेदीदाराच्या हातात सापडतो. त्यामुळे ‘थेट’ असे वाचल्यावर तेवढ्यावर खूश होऊ नये.

## भाव वाढला की भले होते का

व्हॅनिलाची शेंग याचे उत्तर फार स्पष्टपणे देते. या वेलीचे फूल जेमतेम एक दिवस उमलते. तिच्या मूळ भूमीत, मेक्सिकोत, कीटक परागीभवन करतात. बाकी जगात ते काम माणसाला करावे लागते. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पातळ पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधली, आणि आजही तीच वापरली जाते. माणूस सकाळी वेलीवेलीवरून फिरतो, उमललेले प्रत्येक फूल हाताळतो, आणि जे सुटते ते दुसऱ्या दिवशी गळून पडते. शेंग तयार व्हायला नऊ महिने लागतात. मग ती गरम पाण्यातून काढणे, घाम फोडणे, उन्हात आणि सावलीत आलटून पालटून वाळवणे यांत काही महिने जातात आणि पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो सुगंधी व्हॅनिला होते.

जगातल्या व्हॅनिलाचा फार मोठा हिस्सा, सुमारे ८० टक्के, मादागास्करमधून येतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत तिचा भाव किलोमागे २० डॉलरांच्या आसपास रेंगाळत होता. २०१७ च्या मार्चमध्ये एनावो चक्रीवादळ तिथे आदळले आणि २०१८ पर्यंत भाव ६०० डॉलरांच्या घरात गेला. शेतकऱ्यांची चांदी झाली असे कोणालाही वाटेल. काहींची झालीही. पण चोऱ्या इतक्या वाढल्या की लोक रात्री वेलींजवळ पहारा देऊ लागले आणि हिरव्या शेंगेवर टाचणीने आपली खूण टोचू लागले, म्हणजे वाळल्यावरही ती शेंग कोणाची हे ओळखता यावे. चोरीच्या भीतीने शेंगा कोवळ्या तोडल्या जाऊ लागल्या, त्यांत सुगंध कमी, म्हणून मालाची प्रत घसरली. आणि भाव पाहून सगळ्यांनी नव्या वेली लावल्या.

वेल लावल्यापासून फूल यायला साधारण तीन वर्षे लागतात. म्हणजे आजच्या भावावर भरवसा ठेवून केलेली लागवड तीन वर्षांनी, सगळ्यांची एकदमच, फळाला येते आणि बाजार मालाने भरून जातो. २००३-०४ सालीही भाव असाच आभाळाला भिडून कोसळला होता. सरकारने २०२० साली निर्यातीसाठी किलोमागे २५० डॉलर हा किमान भाव बांधून दिला, तेव्हा खरेदीदारांनी हात आखडता घेतला. २०२३ साली ते बंधन उठले आणि भाव पुन्हा गडगडला.

यातून दिसते ते असे की छोट्या शेतकऱ्याला भावाच्या उंचीइतकीच, कदाचित जास्तच, भावाच्या स्थिरतेची गरज असते. पगारदार माणसाला एका महिन्यात दहापट पगार आणि पुढचे वर्षभर काहीच नाही असे दिले, तर सरासरी चांगली दिसेल, पण त्याला मुलांची फी भरता येणार नाही. तीन किंवा पाच वर्षांचा लेखी करार, ज्यात भावाची खालची आणि वरची मर्यादा ठरलेली असते, तो या रोगावरचा सगळ्यात साधा इलाज आहे. बाजार चढला की शेतकऱ्याला आणि उतरला की खरेदीदाराला असा करार मोडण्याचा मोह होतो, हे मात्र मान्य करायला हवे.

## पैसे केव्हा मिळतात

हा मुद्दा थोडक्यात संपतो, पण महत्त्वाचा आहे. माल आज दिला आणि पैसे तीन महिन्यांनी मिळाले, तर त्या तीन महिन्यांत शेतकऱ्याने कंपनीला बिनव्याजी कर्ज दिले असा त्याचा अर्थ होतो. तोच शेतकरी घरखर्चासाठी सावकाराकडून व्याजाने पैसे उचलत असतो, म्हणजे कंपनीच्या कर्जाचे व्याज तो भरतो. युरोपीय संघाने २०१९ साली काढलेल्या निर्देशानुसार नाशवंत शेतमालाचे पैसे ३० दिवसांच्या आत आणि इतर शेतमालाचे ६० दिवसांच्या आत देणे मोठ्या खरेदीदारांवर बंधनकारक झाले. नाशवंत मालाची मागणी ऐनवेळी रद्द करण्यासही मनाई झाली. खरेदीदार युरोपातला असेल तर बाहेरच्या पुरवठादारालाही या नियमाचा आधार घेता येतो. हंगामाच्या आधी उचल देणारा खरेदीदार असेल तर दोन पैसे कमी भाव देऊनही तो शेतकऱ्याला परवडतो, असे पुष्कळदा घडते.

## वेष्टनावरच्या शिक्क्याचा अर्थ

रास्त व्यापाराचा सगळ्यात ओळखीचा शिक्का १९८८ साली नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या कॉफीसाठी, ‘मॅक्स हावेलार’ या नावाने सुरू झाला. त्याच्या आजच्या रूपात, म्हणजे फेअरट्रेडमध्ये, दोन गोष्टी असतात. पहिली किमान भाव: बाजार त्याखाली गेला तरी खरेदीदाराने तेवढा द्यायचा, बाजार वर असेल तर बाजाराचा. दुसरी अधिमूल्य, म्हणजे भावाच्या वर संस्थेला मिळणारी ठराविक रक्कम, जिचा उपयोग कशासाठी करायचा हे सभासद मतदानाने ठरवतात. धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर झाला, त्याआधी तो १.४० होता, अधिमूल्य २० सेंट.

शिक्का निरर्थक आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण त्याच्या मर्यादा खऱ्या आहेत. प्रमाणपत्राची फी, तपासणी, कागदपत्रे यांचा खर्च संस्थेवर पडतो, आणि एवढे करूनही तिचा सगळा माल शिक्क्याच्या भावाने उचलला जाईल अशी हमी नसते. उरलेला साध्या बाजारात जातो. शिवाय शिक्का शेताच्या मालकापाशी थांबतो. २०१४ साली लंडनच्या सोआस या संस्थेतल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडामधल्या मजुरांची पाहणी केली, तेव्हा फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांत रोजंदारीवर राबणाऱ्यांची मजुरी इतर ठिकाणांपेक्षा बरी नसल्याचे, काही बाबतींत वाईटच असल्याचे त्यांना आढळले. ‘छोटा शेतकरी’ म्हणताना त्याच्या शेतात राबणारी भूमिहीन बाई आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, ती यायला हवी.

## जगाने खायला सुरुवात केली की मूळ लोकांचे काय

हा आक्षेप क्विनोआच्या वेळी फार गाजला. २००६ ते २०१३ या काळात त्याचा भाव जवळपास तिप्पट झाला, २०१३ हे संयुक्त राष्ट्रांनी क्विनोआचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांतून लिहिले जाऊ लागले की श्रीमंत देशांच्या आवडीमुळे बोलिव्हिया आणि पेरूमधल्या गरिबांना स्वतःचेच धान्य परवडेनासे झाले आहे. ऐकणाऱ्याला अपराधी वाटावे अशीच ही कथा होती. अर्थशास्त्रज्ञांनी पेरूतल्या घरखर्चाची आकडेवारी तपासली तेव्हा चित्र वेगळे निघाले. भाव चढता असताना पिकवणाऱ्यांची स्थिती सुधारली होती, आणि बाकीच्या घरांच्या खर्चात क्विनोआचा वाटा लहान असल्याने त्यांचे फारसे बिघडले नव्हते.

मात्र नुकसान दुसऱ्या दिशेने आले. मागणी पाहून इतरत्र मोठ्या प्रमाणावर लागवड झाली, पेरूच्या सखल किनारपट्टीवरही मोठी शेते उभी राहिली, आणि २०१४ नंतर भाव घसरला तेव्हा उंच पठारावरच्या छोट्या शेतकऱ्याला ती स्पर्धा झेपेना. निर्यातीला टपोरा पांढरा दाणा हवा होता, त्यामुळे रंगीत आणि बारीक वाणे मागे पडू लागली. लामा या तिथल्या पाळीव जनावरांच्या चराईची जमीन नांगराखाली गेली, लेंडीखत कमी झाले आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर जाऊ लागली. खरेदी रास्त ठेवायची तर फक्त खपणारे वाण न घेता दोन-चार वाणे मिळून घेणे आणि पडीक ठेवलेल्या जमिनीचाही मोबदला भावात धरणे हे खरेदीदाराच्या हातात असते. सोयीचे नसते, एवढेच.

## पदार्थ विकत घेतला, ज्ञानाचे काय

धान्याचे पोते विकत घेतले की व्यवहार संपतो असे आपण धरून चालतो. पण एखादे धान्य कडू असेल तर ते कसे धुवावे, पीठ किती दिवस आंबवावे, कोणता पाला औषधी आणि कोणता विषारी, हे शोधायला एखाद्या समाजाची शेकडो वर्षे गेलेली असतात. त्यावर एखाद्या कंपनीने पेटंट, म्हणजे ठराविक काळापुरता एकाधिकार, मिळवला तर गावाच्या विहिरीवर झाकण बसवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकल्यासारखे होते.

टेफच्या बाबतीत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २००५ साली इथिओपियाने एका डच कंपनीशी करार केला आणि नफ्यातला वाटा देशाला मिळेल असे ठरले. कंपनीने टेफच्या पिठावरील प्रक्रियेचे पेटंट घेतले. २००९ साली तिचे दिवाळे निघाले, पेटंट दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि ज्या देशाने हे धान्य जपले त्याच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही. कागदावर तो करार उत्तम होता. २०१८ साली हेगच्या न्यायालयाने ते डच पेटंट रद्द ठरवले, पण तोवर वर्षे निघून गेली होती.

यावर जगाने केलेला उपाय म्हणजे १९९२ चा जैवविविधता करार आणि त्याखालचा नागोया शिष्टाचार (प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार), जो २०१० साली मंजूर झाला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. त्याचा गाभा दोन कल्पनांत आहे: समजून-उमजून दिलेली पूर्वसंमती आणि परस्परांनी ठरवलेल्या अटींवर लाभाची वाटणी. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर धोके समजावून सही घेतात, तसाच काहीसा हा प्रकार. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी आणखी एक करार मंजूर केला, ज्यानुसार वनस्पती किंवा पारंपरिक ज्ञानावर आधारलेले पेटंट मागणाऱ्याने त्यांचे मूळ उघड करायचे आहे.

## पण पैसे द्यायचे कोणाला?

हा सगळ्यात अवघड आक्षेप आहे. ज्ञान एका माणसाचे नसते, एका गावाचेही नसते. सीमा ओलांडून ते पसरलेले असते. दक्षिण आफ्रिकेत २०१९ साली, रूईबॉसचे पारंपरिक ज्ञान ज्यांचे मानले जाते त्या खोई आणि सान या मूळ समाजांशी रूईबॉस उद्योगाने जो करार केला, त्यात एकेका कंपनीऐवजी सगळ्या उद्योगानेच बांधावरच्या भावाच्या १.५ टक्के रक्कम दरवर्षी द्यायची असे ठरले, आणि २०२२ साली पहिला हप्ता म्हणून १.२ कोटींहून अधिक रँड (तिथले चलन) दिले गेले. एकेकट्या कंपनीचे दिवाळे निघाले तरी आटणार नाही असा हा झरा आहे, म्हणून टेफच्या करारापेक्षा मला तो बरा वाटतो. तरीही समाजाच्या वतीने कोणी बोलायचे यावर तिथे वाद आहेतच, आणि मुळात जमिनी हिरावल्या गेल्यामुळे रूईबॉसच्या उत्पादनात छोट्या शेतकऱ्यांचा हिस्सा अगदी थोडा उरला आहे. दीड टक्क्याने जमीन परत येत नाही.

## हे सगळे ग्राहकाला महागात पडेल?

पडायला नको, पण पडते, आणि त्याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. शेतकऱ्याला १० ऐवजी ११ द्यायचे ठरले, तर दुकानातली किंमत एकाने वाढायला हवी. प्रत्यक्षात मधला प्रत्येक जण आपला नफा टक्क्यांत लावतो. चार टप्पे असतील आणि प्रत्येकाने ५० टक्के चढवले, तर तो एक दुकानात पोहोचेपर्यंत पाचावर जातो. ग्राहक पाच मोजतो, शेतकऱ्याला एक मिळतो, आणि वर ‘रास्त व्यापार महाग असतो’ अशी तक्रार ऐकू येते. वाढीव रक्कम टक्क्यांत न चढवता आहे तशी पुढे सरकवायची, असे साखळीतल्या सगळ्यांकडून लिहून घेणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत.

ग्राहकाला हे सगळे वेष्टनावरून कळणार नाही. पण विचारता येते, आणि उत्तर गोल आहे की टोकदार हे लगेच लक्षात येते. ‘आम्ही शेतकऱ्यांना सक्षम करतो’ हे गोल उत्तर. एकूण मालापैकी किती टक्के माल या पद्धतीने घेतला, बांधावर काय भाव पडला, पैसे किती दिवसांत दिले, करार किती वर्षांचा आहे आणि तो शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेत आहे का, ही टोकदार उत्तरे मागणारे प्रश्न. त्यांतला एक मी शेवटी राखून ठेवतो, कारण काटा कोणाच्या हातात आहे हे त्याच्या उत्तरावरून बरेचसे उमगते: गेल्या हंगामात तुम्ही किती माल नाकारला, आणि त्या मालाचे पुढे काय झाले?